दुखण्याची वाटणी

५ जानेवारी

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. ठणठणीत आहे, ठणठणीत आहे असं पुन्हा पुन्हा लिहिलंयस, पण अक्षर वेगळंच सांगतंय. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, तुझी ओळ कधी केसाएवढी कलली नाही. ती आता उतरणीला लागलीय. खांदा वर उचलत नाही ना? कान गेल्यापासून फोन बंद झाला, म्हणून पत्रातून लपवता येईल असं वाटलं की काय तुला?

तुझे डॉक्टर म्हणतात की शिडीवरून पडलेल्या माणसानं या वयात एवढं सोसायचंच. त्यांना म्हणावं, एक दिवस हा खांदा तुम्ही घरी घेऊन जा.

माझे मणके खचले तेव्हा मीही भिंतीकडे तोंड करून पडलेली होते, तुला ठाऊकच आहे. वेदनेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिन सुरू केलं. ते नाव ऐकून आमच्या ढबूनं डोळे पांढरे केले. आई आता अफू खाणार, म्हणाली. पण बाईंनी अगदी थोड्यापासून सुरुवात केली, मग बघत बघत वाढवलं. त्या गोळ्यांनी मला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून थेट वाचनालयाच्या बांधणीच्या खोलीत नेऊन बसवलं. अजूनही अधूनमधून जाते, फाटकी पुस्तकं शिवते, नव्या पोरींच्या ढिल्या टाक्यांवर तोंडसुख घेते आणि घरी येते.

आता मुद्द्याचं. बाईंनी माझा डोस कमी केलाय, त्यामुळे गोळ्या उरतात. सोबत पुठ्ठ्याची एक घडी आहे. कडा खळीनं चिकटवल्यात, त्या सुरीनं सावकाश सोडव. एका वेळी एकच गोळी घ्यायची. जास्त गुंगी आली तर पुढची घ्यायची नाही. ढबूला यातलं अक्षर कळता कामा नये. गोळ्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत असं तिला दवाखान्यात बजावलंय आणि ती कपाटाला कुलूप घालून किल्ली गळ्यात घेऊन फिरते. आपण दोघांनी एकमेकांची चहाडी कधी केली नाही. मार खाल्ला, पण नाव घेतलं नाही. आता म्हातारपणी ते बिघडवू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई

२४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, मी झोपलो. सरळ पाठीवर, सकाळपर्यंत. उठल्यावर खांदा होता, पण तो ओरडत नव्हता, नुसता कुरकुरत होता. शर्टाची बाही एकट्यानं चढवली. मग जोर आला म्हणून कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची जुनी पाटी खाली काढायला लावली आणि खुर्चीत बसून तिची अक्षरं पुन्हा भरली. ही गेल्यापासून घरात रंगाचा वास नव्हता. आता सगळीकडे आहे.

पहिले दोन दिवस मळमळ झाली. पोटाचं म्हणशील तर ते संपावर गेलंय, पण त्याबद्दल थोरल्या बहिणीला जास्त लिहीत नाही.

एक खरं सांग. या गोळ्या खरंच उरलेल्या आहेत ना? मघापासून तेच डोक्यात घोळतंय. घरात जे आलं ते आपण निम्मं निम्मं केलं हे खरं, पण तू निम्मं म्हणून मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचीस, हेही मला आठवतं. आणि दुसरं, मला याची चटक तर लागणार नाही? संध्याकाळ झाली की मी घड्याळाकडे बघायला लागतो.

उत्तर लवकर धाड. लोभात कमी पडू देऊ नये.
तुझा बटण्या

१० फेब्रुवारी

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

तू झोपलास हे वाचलं आणि पत्र उशीखाली ठेवलं. मग पुन्हा काढून वाचलं.

अरे, उरलेल्या नसत्या तर मी कशाला पाठवल्या असत्या? मला काय दुखण्याची हौस आहे? उगाच वकिलासारखे प्रश्न विचारू नकोस. घड्याळाकडे बघतोस कारण खांदा दुखायला लागतो. बाईंनी मलाही हेच समजावलं होतं, की दुखतंय म्हणून घेणं वेगळं आणि दुखत नसताना हवं वाटणं वेगळं. पण दुसरं काही वाटायला लागलं तर मला लपवू नकोस.

इकडे मला विचित्र सर्दी झालीय. नाक वाहतंय, डोळे वाहतायत, जांभयांवर जांभया. पोटही बिघडलंय, पायांत पेटके येतात आणि अंगावर सारखा काटा. झोप नावाला नाही. हवा वाईट आहे, दुसरं काय. ढबू सूप करून घालते आणि माझ्या कपाळाला हात लावून बघते. वाचनालयात जाणं तूर्त सोडलंय. तिथल्या पोरी इतक्या संथ आहेत की माझंच डोकं फिरतं.

सोबत आणखी एक घडी आहे. आणि बाईंना गोड बोलून मी तुझ्याकडच्या वेदनेच्या दवाखान्याचा पत्ता काढलाय, तो मागे लिहिलाय. तिथे जा. नंबर लागायला वेळ लागतो म्हणे. लागेपर्यंत मी आहेच.

आठवण ठेवून असावं.
तुझी ताई

६ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आईला न सांगता लिहितेय. तिचं बरं नाही. महिनाभर सर्दी होती, पोट बिघडलेलं होतं, त्यातून उठली ती पाठ घेऊनच. कूस बदलताना ओठ चावते. वाचनालयातल्या मुलींनी तिला करमावं म्हणून एक पुस्तक शिवायला पाठवलं होतं. दाभण हातात घेऊन बसली आणि तसंच परत ठेवलं. ते पुस्तक आता खुर्चीवर पडून आहे.

डॉक्टरीणबाईही चक्रावल्यात. एवढा डोस चालू असताना हे असं का, असं त्या मला सारखं विचारतात. आई गोळ्या नीट घेते ना, असंही विचारलं. मी म्हटलं, कुलूप माझ्या हातात, गोळ्या माझ्या हातात, तिच्या तळहातावर मी ठेवते आणि पाण्याचा पेला मी धरते. दुकानात चष्म्याच्या काचा घासताना चूक होईल माझी, यात व्हायची नाही. मग त्यांनी परवा डोस आणखी वाढवला. तरी काही फरक नाही.

आधी माझ्यावर डाफरायची, आता डाफरतही नाही. तू काहीतरी गमतीचं लिही. तुझं पत्र आलं की तेवढा वेळ तिचा चेहरा सुटतो.

तुझा खांदा कसा आहे? मायेनं विचारतेय, खरं सांग.
तुझी ढबू

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढबूचं पत्र आलं. सगळं कळलं.

डोस कमी झालेला नाही. उलट वाढलाय. मग मी इथे पाठीवर झोपत होतो ते कुणाच्या गोळ्या खाऊन? ताई, तू काय केलंस? तू तिथे तळमळत होतीस आणि मी इथे चष्मेवाल्याची पाटी रंगवत बसलो. पत्र वाचून मी त्या पाटीखालच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आवरेना. चष्मेवाला बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारत होता. मला ऐकू येत नाही हे त्याच्या लक्षातच येईना.

आता नीट ऐक. मला त्या दवाखान्यात घेतलंय. इथले डॉक्टर तरुण आहेत आणि भलतेच काटेकोर. तू पाठवलेल्या गोळ्यांचं त्यांना सांगितलं, कुणाच्या ते मात्र सांगितलं नाही. चांगलंच फैलावर घेतलं मला. स्वतः मोजूनमापून, खालून सुरुवात करून दिली. वर कागदावर लिहून बजावलं, की मध्ये काही दिवस गोळ्या चुकल्या तर मनानं पुन्हा सुरू करायच्या नाहीत, आधी त्यांच्याकडे यायचं. शाळेतल्या पोराला बजावतात तसं. पण माणूस भला आहे आणि माझी सोय झाली. तुझी शेवटची घडी मी त्यांच्याकडे जमा केली. आता मला तुझी एकही गोळी नको.

तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर ढबू हातावर ठेवेल ते सगळं गिळायचं. आजपासून. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. ढबूला मी काही लिहिणार नाही. तिला कळलं तर ती बाईंना सांगेल, आणि बाई तुझ्या गोळ्या बंद करून टाकतील अशी मला धास्ती वाटते. आपलं आपल्यात मिटवू. तू फक्त घ्यायला लाग.

पुढच्या महिन्यात येतोच आहे. मग समोर बसून भांडू.

रागावलोय, तरी जीव तुझ्यातच आहे.
तुझा बटण्या

२० मार्च

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

पकडलंस. इतकं चिडून लिहिलंयस की शाई पलीकडे उमटलीय.

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आधी निम्म्याच ठेवत होते. मग तुझं ते झोपल्याचं पत्र आलं आणि मला वाटलं, माझी पाठ काय, माझ्या ओळखीची आहे, मी तिच्याशी जुळवून घेईन. तुझ्याजवळ तर पाणी द्यायलाही कुणी नाही. ढबू खिडकी लावायला वळली की गोळ्या रुमालात. बिचारीला संशयसुद्धा आला नाही, याचंच फार वाईट वाटतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं. ते दिवस मी सांगणार नाही.

पण तुझी सोय झाली, आता मी कशाला सोसू? आजपासून घेते, शपथ पाळते. खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं. बरी झाले की त्या खुर्चीवरच्या पुस्तकाकडे आधी बघणार आहे. तू येशील तेव्हा आपण तिघं बाहेर जाऊ, नदीकाठच्या बाकांपर्यंत तरी.

ढबूच्या चपला वाजतायत. दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली. पाकीट चिकटवून टपालात टाकायला तिच्याच हाती देते. थांबते.

जिव्हाळा असाच असावा.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तू नीट पोहोचलास ना? इथे होतास तोवर घरात कुणीतरी होतं. आता मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मामा, आई माझ्या हातून गेली.

त्या दिवशी ती खुशीत होती. तुझं पत्र आलं होतं, काय लिहिलंय ते सांगेना, नुसती हसत होती. दुपारी गोळ्या दिल्या. थोड्या वेळानं म्हणाली की पाठ कुणी उतरवून ठेवल्यासारखी हलकी झालीय. संध्याकाळी डोळ्यांवर खूप झापड होती. मी तिला हलवून बसवलं आणि पुढच्या गोळ्या दिल्या, वेळ चुकायला नको म्हणून. मग ती घोरायला लागली. किती आठवड्यांनी ती अशी झोपली होती. मला इतका आनंद झाला की मी पडदा ओढला, दार लोटलं आणि शेजारच्यांना टीव्ही हळू लावायला सांगून आले. परत आत गेले तेव्हा घोरणं थांबलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गोळ्यांनी श्वास मंदावला. पण त्या म्हणतात, ज्या डोसची शरीराला इतकी सवय आहे त्यानं असं व्हायला नको. मध्ये गोळ्या चुकल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे नाही म्हटलं. एकही नाही. मग दुसरं काय उरतं, सांग? मीच चुकून दुपटीनं दिल्या असणार. मी डबा पुन्हा पुन्हा ओतून बघते, आणि हिशेब जुळला तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही.

दुकानात जाणं सोडलंय. ज्या हातानं आईला ते दिलं त्या हाताकडे मला बघवत नाही.

मला टाकू नकोस.
तुझी ढबू

११ एप्रिल

चि. ढबूस,
अ. उ. आ.

तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. हे आधी वाच, मग पुढचं वाच.

तुझी आई कित्येक आठवडे गोळ्या घेतच नव्हती. तू तळहातावर ठेवायचीस, ती तू वळलीस की रुमालात टाकायची आणि पुठ्ठ्याच्या घडीत घालून मला पाठवायची. माझा खांदा तिच्या गोळ्यांवर चालत होता. तिनं मला सांगितलं होतं की डोस कमी केलाय, या उरलेल्या आहेत. मी ते मानलं, कारण मला मानायचं होतं. ती सर्दी, ते पोट, त्या जांभया, ते सगळं गोळ्या एकदम सोडल्यामुळे होतं. नंतरचं दुखणं म्हणजे औषधाविना उघडी पडलेली पाठ. आणि तुमच्या बाईंना वाटलं की औषध पुरत नाही, म्हणून त्यांनी ते वाढवलं.

तुझं मार्चमधलं पत्र आलं तेव्हा मला कळलं. त्या दिवशी तुला दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुझी आई आज असती. बाईंनी तिला पुन्हा थोड्यापासून सुरुवात करून दिली असती. मी तुला लिहिलं नाही. तिला लिहिलं, शपथ घातली, की ढबू देईल ते सगळं आजपासून गिळ. तिनं गिळलं. जे शरीर ते पेलायला विसरलं होतं त्यात एकदम सगळं गेलं, वाढवलेलं धरून. माझ्या डॉक्टरांनी मला नेमकं हेच बजावलं होतं. मला वाटलं ते फक्त माझ्यासाठी आहे.

तुझ्या घरी आलो तेव्हा हे सगळं माझ्या मनात होतं. तिचं वय झालं होतं म्हणून ती गेली, असं मी स्वतःला समजावलं. परत आल्यावर डॉक्टरांना विचारलं, तेव्हा तेही उरलं नाही. मग तुझं पत्र आलं. तू स्वतःच्या हाताबद्दल लिहिलंयस ते वाचून मी लगेच कागद घेऊन बसलो.

आम्ही दोघांनी एकमेकांची चहाडी कधी केली नाही. आज पहिल्यांदा करतोय, ती गेल्यावर. तिची आणि माझीही. तू हे पत्र बाईंना दाखव, ज्यांना दाखवायचं त्यांना दाखव. उद्यापासून दुकानात जा.

मी माझ्या गोळ्या बंद केल्यात. आठवडा झाला. ज्या औषधासाठी ती गेली ते घशाखाली उतरत नाही. दुखतंय ते दुखू दे.

तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही.
मामा

२० एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मग बाईंकडे जाऊन त्यांच्यासमोर ठेवलं. त्या एवढंच म्हणाल्या, की तुमची आई माझ्यासमोर त्या खुर्चीत बसून हसत होती, आणि मी फक्त तुम्हालाच विचारत राहिले.

मला फार राग आलाय. आईवर रागवावं तर ती नाही. तिनं माझ्यासमोर पाणी पिऊन मला फसवलं, रोज, आणि वर दमली असशील बस जरा, असं मलाच म्हणायची. तुझ्यावर तर मी इतकी रागावलेय की तू समोर असतास तर काय बोलले असते मला माहीत नाही. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतात. मी घरातच होते, मामा. मला कुणी विचारलं असतं तर मी दोघांनाही सांभाळलं असतं.

पण तू लिहिलंस म्हणून काल मी डबा ओतून बघितला नाही. ते तुझ्यामुळे झालं, हेही लिहायला हवं.

गोळ्या बंद केल्यास म्हणून लिहिलंयस. आता माझं ऐक. आईनं जे केलं तेच तू करतोयस, एकदम सोडून द्यायचं आणि कुणाला न सांगता सोसायचं. हे पत्र मिळाल्याबरोबर तुझ्या त्या काटेकोर डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस घेतल्या नाहीस ते खरं सांग. घरात आहेत त्या मनानं पुन्हा सुरू करू नकोस. एकही नाही. ते देतील तेवढ्याच घे, ते सांगतील तेव्हाच घे. मी शनिवारी येतेय. तू औषधावर स्थिर होईपर्यंत तुझ्याकडेच राहीन आणि गोळ्या माझ्या हातानं देईन. मी त्या दोनदा मोजेन, तेवढं सांभाळून घे. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. मला लाज वाटणार नाही आणि तूही वाटून घेऊ नकोस.

मी येईपर्यंत जिवंत राहा.

राग आहे आणि लोभही आहे. सध्या दोन्ही ठेवून घ्यावे.
तुझी ढबू